आगोट कोणाच्या पैशाने भरली?

मे संपत आला की कोकणात घरोघर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, लगबग सुरू होते. तांदूळ, कुळीथ, सुकी मासळी, मीठ, मिरची, जळणाची लाकडे हे सगळे मिरगाआधी घरात यायला हवे. पुढे लावणी सोडली तर हाताला काम नसते आणि होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. ही आगोट घरच्या पैशाने भरली की दुकानदाराच्या उधारीवर, एवढ्यावरून वाडीला त्या घराची परिस्थिती कळते. गरीब कुटुंबांना पायावर उभे करणाऱ्या योजनांचे मूल्यमापन आपल्याकडे सत्तर वर्षे चालू आहे. मी पाहिलेल्या एकाही फॉर्मात मात्र आगोटीचा प्रश्न नव्हता.

देशपातळीवरची मोजणी १९५२ साली सुरू झाली. सामूहिक विकास कार्यक्रम आला आणि त्याच वर्षी नियोजन आयोगाने कार्यक्रम मूल्यमापनासाठी वेगळी संघटना उभारली. पुढे १९७८-७९ मध्ये एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम सुरू झाला आणि २ ऑक्टोबर १९८० पासून तो देशातल्या सगळ्या तालुक्यांत गेला. थोडे बँकेचे कर्ज, थोडे अनुदान, त्यातून म्हैस, शेळ्या किंवा शिलाई मशीन घ्यायचे आणि त्या कमाईवर दारिद्र्यरेषा ओलांडायची, अशी ती कल्पना. यश मोजले जाई ते लाभार्थींच्या आकड्यावर. १९८५ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ नीळकंठ रथ यांनी त्या आकड्यांच्या पलीकडे पाहिले. सात वर्षांच्या अखेरीस, थोड्या काळापुरती का होईना, दारिद्र्याच्या वर येतील अशी गरीब कुटुंबे जेमतेम तीन टक्के, असा त्यांचा हिशेब निघाला. म्हैस मिळणे आणि म्हशीवर घर चालणे यांतले अंतर त्यांनी दाखवून दिले. सगळा भार मालमत्ता वाटण्यावर न टाकता हाताला मजुरीचे काम द्या, असे त्यांचे सांगणे होते. महाराष्ट्रात त्याची वाट आधीच पडली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला होता.

कोकणात त्याच वर्षांत एक वेगळीच गोष्ट घडत होती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली कितीतरी घरे गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालत होती. पोस्टमन यायचा थांबला. अशा वेळी एखाद्याने १९८१ आणि १९८४ अशी दोन वर्षे घेऊन लाभार्थीच्या उत्पन्नाची तुलना केली असती, तर त्याला काय दिसले असते? उत्पन्न घटलेले. दोष म्हशीच्या माथी बसला असता. खरे कारण होते परळ-लालबागच्या बंद भोंग्यात. आधी आणि नंतर एवढेच पाहणे किती फसवे असते, हे समजायला मला यापेक्षा चांगले उदाहरण सापडलेले नाही.

म्हणूनच योजना न मिळालेल्या, पण तशाच परिस्थितीतल्या घरांशी तुलना करावी लागते. २०१५ मध्ये सहा देशांतल्या दहा हजारांहून अधिक अतिगरीब कुटुंबांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पश्चिम बंगालही होता. कोणाला लाभ द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते. जनावरे किंवा तत्सम साधन, काही काळ खर्चाला पैसे, प्रशिक्षण आणि नियमित घरभेटी असे सगळे एकत्र दिले, आणि त्याचा फायदा मदत थांबल्यावरही बहुतेक ठिकाणी टिकून होता. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मात्र तशाच कार्यक्रमाचा निव्वळ परिणाम शून्य निघाला. लाभार्थी जनावरांकडे वळले तशी त्यांची मजुरी कमी झाली, आणि लाभ न मिळालेल्यांनी वाढत्या मजुरीवर तेवढेच कमावले. दुसरा गट नसता तर या कार्यक्रमाचा केवढा गाजावाजा झाला असता!

कोकणाला खरी फळली ती १९९० ची फळबाग योजना. रोजगार हमीतून शंभर टक्के अनुदानावर आंबा आणि काजू लावता आला, आणि उघडे कातळ व वरकस जमिनी हिरव्या झाल्या. अनुदान तीन वर्षांत विभागलेले होते आणि झाडे जगली का हे पाहून मिळायचे. पण हापूसचे कलम पाच-सहा वर्षांनी कुठे धरू लागते आणि भरघोस यायला त्याहून अधिक वर्षे लागतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी फाईल बंद झाली तेव्हा मोजायला फक्त रोपे होती. शिवाय सातबारावर काका, आत्या, मुंबईचे चुलतभाऊ अशी दहा-पंधरा नावे. एकाची सही अडली की अर्ज अडला. ज्याला बागेची सर्वांत जास्त गरज होती तो पुष्कळदा याच ठिकाणी गळला, आणि गळलेल्याची नोंद कोणत्याही मूल्यमापनात येत नाही. पुढे ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दापोलीकडच्या वाड्या एका दुपारी आडव्या केल्या. २०१५ मध्ये स्वावलंबी म्हणून मोजता आली असती अशी घरे २०२१ च्या आगोटीला परत उधारीवर होती.

गरीब कोण हे ठरवतानाही हेच झाले. २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या सर्वेक्षणात तेरा निकष होते आणि प्रत्येकाला शून्य ते चार गुण; गुण जितके जास्त, तितके घर कमी गरीब. घराचा प्रकार हा त्यातला एक. आजोबांनी गिरणीच्या पगारातून बांधलेले चिऱ्याचे, कौलारू घर गुण वाढवून जाई, मग आत एकटी म्हातारी पेजेवर दिवस काढत असली तरी. गणपतीत आलेल्या पाहणी करणाऱ्याला तर तेच घर चाकरमान्यांनी भरलेले दिसणार.

घर खरेच पायावर उभे राहिले का, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग माझ्या मते आधीच लिहून ठेवलेला आहे. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून काम करते आहे, पुढे ‘उमेद’ ही राज्याची ग्रामीण जीवनोन्नती मोहीम आली, आणि आज कोकणात वाडीवाडीत बचत गट आहेत. गुहागर तालुक्यातल्या एका गटाची जुनी वही मी चाळली होती. ती दाखवणाऱ्या बाईंची बोटे काजूच्या चिकाने काळी पडली होती. अंतर्गत कर्जाच्या पानावर ‘कर्जाचे कारण’ असा रकाना होता. सुरुवातीच्या वर्षांत मे महिन्याच्या पानांवर एकाखाली एक तेच: आगोट, आगोट, दवाखाना, आगोट. नंतरच्या वहीत त्या जागी काजू बी खरेदी, मुलीची फी, कौले. एक नाव मात्र दर मे महिन्यात आगोटीसाठीच येत राहिले होते.

“हिचा घोव गेला, जमीन सामाईक,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटले.