बंधारा काढायचाय? आधी गाळ मोजून घ्या

पऱ्यावरचा, म्हणजे छोट्या ओढ्यावरचा, जुना बंधारा गाळाने भरला, भिंत पाझरायला लागली, की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो गाळ उपसा, दुसरा म्हणतो बंधाराच काढून टाका. आत गाळ किती, हे मात्र दोघांनाही ठाऊक नसतं. ते मोजणं हे आमचं काम.

बहुतेक जण भिंतीपाशी बांबू खुपसून खोली बघतात आणि लांबी-रुंदीने गुणतात. समजा 100 मीटर लांब, 20 मीटर रुंद, भिंतीपाशी 3 मीटर गाळ. गुणाकार 6000 घनमीटर, म्हणजे 2100 ब्रासच्या वर (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट). पण आपल्या पऱ्याचा तळ वर चढत जातो, काठही तिरके. वरच्या टोकाला थर संपतोच. अशा निमुळत्या पात्रात खरा गाळ 2000 घनमीटरच्या आसपास, जेमतेम 700 ब्रास निघतो. सुरुवातीला आम्हीही असाच गुणाकार केला होता. डंपरच्या खेपा काही केल्या जुळेनात.

आता आम्ही दोन तळ मोजतो, त्यांच्या मधला भाग म्हणजे गाळ. वरचा, म्हणजे गाळाचा, पाणी असताना होडीतून इको साउंडरने (आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र) किंवा मे महिन्यात कोरडं पडल्यावर टोटल स्टेशनने (अंतर आणि उंची मोजणारी सर्व्हेची दुर्बीण). खालचा मूळ तळ जुन्या नकाशावरून मिळतो, पण नकाशा बहुधा नसतोच. मग लोखंडी सळई. मऊ चिखलात ती हाताच्या जोराने उतरते, कातळाला लागली की टणकन वाजते. गोट्यांत मधेच अडकते. तिथे खड्डा खणूनच बघतो.

गाळ कसला आहे हेही अहवालात असतं. गोटे आणि जाड वाळू वरच्या टोकाला बसतात, चिखल भिंतीकडे. भिंत काढली तर चिखल पहिल्याच पुरात खाडीत किंवा तिसऱ्याच कोणाच्या जागेवर जातो. गोटे मात्र खालच्या साकवाशी (छोट्या पुलाशी) साचून पात्र उंच करतात. अमेरिकेत एल्व्हा नदीवरची दोन धरणं 2011 ते 2014 दरम्यान काढली, तेव्हा मागे सुमारे 2 कोटी घनमीटर गाळ होता. म्हणून ती टप्प्याटप्प्यानेच उतरवली. आपला बंधारा त्यापुढे चिमूटभर, पण खाली कोणाची विहीर, कोणाची बाग आहे हे बघावंच लागतं.

अहवालात आम्ही एकच आकडा देत नाही, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन देतो. भिंत पाडायची परवानगी बंधाऱ्याच्या मालकाकडून, मग ती ग्रामपंचायत असो की सरकारी खातं, तुम्हीच घ्यायची.

पावसात आम्ही मोजणीला उतरत नाही. बंधारा बांधताना हजर असलेलं गावातलं कोणी म्हातारं माणूस असेल, तर मोजणीच्या दिवशी त्यांना जरूर बोलवा. मूळ कोंड, म्हणजे पऱ्यातला खोल डोह, कुठे होती, ते त्यांनाच दाखवता येतं.