लेकराच्या नाकाची तयारी पोटातच

आमच्याकडे परभणी-जालना पट्ट्यात बाळंतिणीच्या खोलीचा वास दारातच ओळखू येतो. शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा तडतडत असतो, उशाशी डिंकाचे लाडू असतात. त्या धुरीतही दोन दिवसांचं लेकरू आईच्या छातीकडे बरोबर तोंड नेतं. नजर अजून धूसर असते, नाक मात्र कामाला लागलेलं असतं. ते कधी आणि कसं तयार होतं, हे कळायला शंभरावर वर्षं गेली.

इटलीच्या कामिल्लो गोल्जींनी १८७५ मध्ये ऑल्फॅक्टरी बल्बमधल्या, म्हणजे नाकातून येणारे तंतू मेंदूत जिथे पोचतात त्या भागातल्या पेशींची चित्रं काढली. पण इतके वास वेगवेगळे ओळखतं कोण, हे कोडं राहिलंच. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७०च्या दशकात फळमाश्यांवर या वाटेने काम सुरू केलं, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक आहे.

कोडं सुटलं १९९१ मध्ये. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी उंदराच्या नाकातल्या पेशींमधून डीएनएच्या एका तुकड्याच्या भरपूर प्रती काढल्या आणि त्या कापल्या. कापलेल्या तुकड्यांची बेरीज मूळ तुकड्याच्या लांबीपेक्षा जास्त भरली! म्हणजे एकच वाटणारा तो तुकडा खरं तर सारख्याच लांबीच्या, पण वेगवेगळ्या जनुकांच्या तुकड्यांचं मिश्रण होता. वास टिपणाऱ्या रिसेप्टरांचं, म्हणजे पेशीवर बसून वासाचे कण पकडणाऱ्या प्रथिनांचं, ते घराणं निघालं. उंदरात अशी हजारेक जनुकं आहेत, माणसात कामाची सुमारे ४००. २००४ चं नोबेल या दोघांना मिळालं.

माझ्या मते खरं नवल त्यापुढचं आहे. नाकातली प्रत्येक चेतापेशी एवढ्या जनुकांमधून एकच चालू ठेवते. ही निवड गर्भातच सुरू होते, आणि तीही मेंदूच्या हुकमाशिवाय: १९९५ मध्ये बल्बच तयार न झालेल्या उंदरांच्या गर्भातही रिसेप्टर नाकातल्या आपापल्या पट्ट्यात उमटलेले दिसले. पुढच्याच वर्षी पीटर मोंबार्ट्स आणि सहकाऱ्यांनी एका रिसेप्टरच्या जागी दुसरा बसवला, तर त्या पेशींचे तंतू बल्बमध्ये वेगळ्याच ठिकाणी जाऊन टेकले. म्हणजे रिसेप्टर नुसता वास घेत नाही, मेंदूकडची वाट ठरवण्यातही त्याचा हात असतो. २०१५ मध्ये एकेक पेशी तपासल्यावर दिसलं, की कोवळी पेशी आधी बऱ्याच जनुकांना थोडंथोडं चाचपते आणि मग एकावर स्थिरावते.

माणसाच्या लेकराला पोटात वास कळतो का? फ्रान्समध्ये बेनुआ शाल यांच्या गटाने २००० मध्ये हे दाखवलं. गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत ज्या आयांनी ॲनिस (बडीशेपेसारख्या वासाची बी) खाल्लं, त्यांची बाळं जन्मल्याबरोबर त्या वासाकडे वळली. बाकीची वळली नाहीत. आमची आजी डोहाळ्यांबद्दल म्हणायची, "पोटातलं लेकरू मागायलंय, द्या तिला." लेकरू मागतं की नाही ते सोडा, पण आईच्या ताटातला वास त्याच्यापर्यंत पोचतो हे नक्की.

ॲनिस, शेपू, ओवा, बडीशेप ही सगळी एकाच कुळातली. म्हणून मला मनापासून वाटतं, की हा साधा प्रयोग मराठवाड्यातल्या एखाद्या प्रसूतिगृहातही व्हावा. गरोदरपणी शेपूची भाजी आवडीने खाल्लेल्या आयांची लेकरं घ्यावीत, पहिली धुरी द्यायच्या आधी दोन बाजूंना कापसाचे दोन बोळे धरावेत, एक शेपूच्या वासाचा, एक बिनवासाचा, आणि इवलीशी मान कुणीकडे वळते ते पाहावं.