दमलेल्या शरीराने ड्युएथलॉन

ड्युएथलॉनमध्ये आधी धावायचं, मग सायकल चालवायची आणि मग पुन्हा धावायचं. प्रमाण अंतराच्या शर्यतीत हे आकडे 10, 40 आणि 5 किलोमीटर असे असतात. स्वित्झर्लंडमधल्या त्सोफिंगेनच्या ‘पॉवरमॅन’सारख्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत ते 10, 150 आणि 30 पर्यंत गेले. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या वयोगटांमध्ये उतरणारे बहुतेक जण हौशी असतात. नोकरी आणि घर सांभाळून ते महिनोन्महिने सराव करतात, शेवटच्या आठवड्यांत राहिलेला सराव उरकतात, लांबचा विमानप्रवास करतात आणि अर्धवट झोपेने स्टार्ट लाइनवर येतात. शर्यत सुरू होण्याआधीच त्यांच्या अंगात त्राण नसतं. अशा वेळी ‘मी थकलोय’ एवढ्या माहितीवर काहीच ठरवता येत नाही. नेमकं काय थकलंय, हे ओळखावं लागतं.

सगळ्यात सोपा थकवा इंधनाचा. स्नायूंमध्ये साधारण 400 ते 500 ग्रॅम आणि यकृतात सुमारे 100 ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचं राखीव इंधन, साठतं. 1966 मध्ये योनास बेर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या स्वीडिश संशोधकांनी स्वतःवरच एक सुंदर प्रयोग केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेका पायाने पेडल मारलं, दुसरा पाय आरामात ठेवला, आणि नंतर तीन दिवस कर्बोदकांनी भरलेला आहार घेतला. मांडीत सुई घालून काढलेल्या स्नायूच्या नमुन्यांत दिसलं की दमलेल्या पायातला साठा नुसता भरून आला नव्हता, तो आराम केलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट झाला होता. म्हणजे रिकामा झालेला स्नायू स्वतःच इंधन ओढून घेतो. त्याला पुरेसं खाणं आणि एक-दोन दिवस द्यावे लागतात. शर्यतीच्या आदल्या दिवशी थकवा फक्त एवढाच असेल, तर काळजीचं फारसं कारण नाही.

स्नायूंच्या तंतूंना झालेली इजा मात्र इतक्या लवकर भरत नाही. धावताना पाऊल टेकलं की मांडीचा स्नायू ताणला जाताजाता शरीराचा भार झेलतो. या प्रकारच्या कामात तंतूंना सूक्ष्म इजा होते, आणि उतारावर ती जास्त होते. दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोचतं, आणि इजा झालेला स्नायू ग्लायकोजेनही सावकाश साठवतो. सायकलवर असं ताणलं जाणं जवळपास नसतं. ड्युएथलॉन दमलेल्या पायांना ट्रायथलॉनपेक्षा कठोर वाटतं ते मला वाटतं यामुळेच. ट्रायथलॉनमध्ये पोहून बाहेर येताना पाय बरेचसे ताजे असतात, इथे पहिल्याच टप्प्यात त्यांना मार बसतो. सायकलवर दुखणं दबून राहतं, आपण सावरलो असं वाटतं, आणि सायकल ठेवून पळायला लागताच पाय लाकडासारखे होतात. सायकलनंतर त्याच वेगाने धावायला ताज्या पायांपेक्षा जास्त प्राणवायू लागतो. पहिल्या धावेत उसना घेतलेला वेग दुसऱ्या धावेत व्याजासकट वसूल होतो.

तिसरा थकवा मेंदूचा, आणि प्रवास करून आलेल्या खेळाडूच्या बाबतीत तोच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. 2009 मध्ये सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी 16 जणांना एकदा 90 मिनिटं डोक्याला ताण देणारं संगणकावरचं काम दिलं, आणि दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ साधे माहितीपट दाखवले. मग दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. माहितीपट पाहिल्यावर ते सरासरी 754 सेकंद टिकले, डोकं थकवल्यावर फक्त 640. हृदय, प्राणवायूचा वापर, रक्तातलं लॅक्टेट यांपैकी कशातही या फरकाचं कारण सापडलं नाही. फक्त तेवढंच काम त्यांना सुरुवातीपासून जास्त जड वाटत होतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नोंदणी, सायकल जोडणं, अनोळखी मार्ग पाठ करणं, नियमांची बैठक हे सगळं डोक्याने केलेलं कामच आहे. त्यात झोप अपुरी असते. शरीराचं घड्याळ नव्या वेळेशी दिवसाला साधारण एका तासाने जुळतं, आणि पूर्वेकडे प्रवास केला असेल तर त्याहून सावकाश. हा मेहनतीचा बोजा खोटा नसतो. तो मनाचा कमकुवतपणा समजून दाबून टाकणं मला फार चुकीचं वाटतं.

मग वेग ठरवायचा कशावर? बरेच जण मनगटावरच्या नाडीच्या आकड्यावर भिस्त ठेवतात. दमलेल्या शरीरात तो आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो. उष्णता, धास्ती आणि झोपेची कमतरता यांनी तो वाढू शकतो. उलट, आठवडेच्या आठवडे जादा सराव केलेल्यांमध्ये त्याच कामाला नाडी नेहमीपेक्षा कमी असते. घड्याळ ‘अजून जोर लाव’ म्हणतं आणि पाय नाही म्हणतात. इथे गुन्नार बोर्ग यांची 6 ते 20 ची मोजपट्टी उपयोगी पडते. मेहनत किती वाटते याला स्वतःच आकडा द्यायचा: 6 म्हणजे काहीच नाही, 13 म्हणजे थोडं कठीण, 20 म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. दमलेल्या माणसाने पहिली धाव 13-14 च्या आत ठेवावी, मग ठरवलेला वेग मागे पडला तरी चालेल. गर्दीच्या ओघात सुरुवातीची दोन किलोमीटर हे जमणं सर्वांत अवघड असतं.

शर्यत चालू असताना मेंदूचा थकवा थोडा हलका करता येतो. 2004 मध्ये कार्टर, यूकेनड्रुप आणि जोन्स यांनी सायकलपटूंना कर्बोदकं मिसळलेल्या पाण्याने नुसती चूळ भरून थुंकायला सांगितलं. सुमारे तासाभराच्या चाचणीत ते जवळपास 3 टक्के वेगवान ठरले. पोटात काहीच गेलं नव्हतं, मेंदूला फक्त तोंडातून खबर मिळाली होती. शेवटच्या धावेत पोट काही घ्यायला तयार नसेल, तर हा उपाय करून पाहण्यासारखा आहे. कॅफीन मेंदूत अॅडेनोसिन या थकवा जाणवून देणाऱ्या रसायनाचा संदेश अडवून मेहनत कमी भासवतं, पण त्याने ना साठा भरतो ना तंतू.

शेवटच्या दोन आठवड्यांबद्दल बऱ्यापैकी स्पष्ट पुरावा आहे. लॉरां बॉस्के आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. सुमारे दोन आठवडे सरावाचं प्रमाण 41 ते 60 टक्क्यांनी घटवून तीव्रता तशीच ठेवणाऱ्यांना सर्वाधिक फायदा झाला होता. शेवटच्या आठवड्यात उरकलेल्या लांब धावांचा फायदा शर्यतीपर्यंत पोचत नाही, थकवा तेवढा पोचतो.

काही थकव्यांत मात्र शर्यतीत उतरूच नये, मग तिकिटाचे आणि नोंदणीचे पैसे बुडाले तरी चालतील. ताप, सर्वांगाची कणकण, छातीत दुखणं किंवा न झेपणारी धाप असेल तर सुरुवातच करू नका. विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते, आणि त्यात जोराची मेहनत हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडवू शकते. उष्ण हवेत गोंधळल्यासारखं झालं, झोक जाऊ लागला, तर लगेच थांबून मदत मागा. शरीराचं आतलं तापमान 40 अंशांपलीकडे गेलं की अंग गार करायला मिनिटांचाही उशीर परवडत नाही. आणि शर्यतीनंतर लघवी काळपट तपकिरी झाली, तर स्नायू तुटून त्यांचे घटक मूत्रपिंडात साचत असण्याची शक्यता असते. दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.