वन्यजीवांच्या छायाकृतींचे छायाचित्रण

उजळ आकाश, पाणी, धुके किंवा सूर्य-चंद्राचे बिंब यांच्या पार्श्वभूमीवर प्राण्याची वा पक्ष्याची केवळ काळी बाह्याकृती उमटावी अशा रीतीने छायाचित्र घेण्याच्या पद्धतीस छायाकृती किंवा सिलुएट छायाचित्रण म्हणतात. वन्यजीव छायाचित्रणात ही पद्धत मुख्यतः पहाटे आणि तिन्हीसांजेला वापरली जाते. उजेड संपल्यावर नाइलाजाने करायचा प्रकार असा तिच्याविषयी समज आहे, परंतु तो बरोबर नाही. छायाकृतीसाठी प्रकाश कमी असणे आवश्यक नसते. प्राणी आणि त्याच्यामागचा भाग यांच्या उजेडात मोठी तफावत असणे आवश्यक असते. सूर्य क्षितिजालगत आला की आकाश उजळ राहते, प्राण्याची कॅमेऱ्याकडची बाजू मात्र सावलीत जाते आणि ही तफावत आपोआप तयार होते. एक्स्पोजर (चित्रासाठी कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) प्राण्यासाठी नव्हे तर आकाशासाठी बेतलेले असल्यामुळे, अंगावरचे केस किंवा पिसे टिपण्यास प्रकाश अपुरा पडू लागल्यानंतरही बराच वेळ छायाकृती चांगली मिळू शकते.

सिलुएट हा शब्द एत्येन द सिलुएत या फ्रान्सच्या अर्थमंत्र्याच्या नावावरून रूढ झाला. १७५९ मध्ये काही महिने ते पद सांभाळताना त्याने आरंभलेली काटकसर थट्टेचा विषय झाली आणि काळ्या कागदातून कातरलेली स्वस्तातली व्यक्तिचित्रे त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मराठीत तर कोणत्याही फोटोला ‘छायाचित्र’च म्हणतात, त्या शब्दाचा अर्थ अक्षरशः घ्यायचा झाल्यास तो याच प्रकाराला सर्वांत चपखल बसतो. अंधारातील वन्यप्राण्यांच्या छायाचित्रणाची सुरुवातीची गाजलेली कामगिरी मात्र याच्या नेमकी उलट होती : अमेरिकन छायाचित्रकार जॉर्ज शिरास यांची १९०६ साली नॅशनल जिऑग्राफिक मासिकात प्रसिद्ध झालेली रात्रीची छायाचित्रे फ्लॅशने प्राण्यालाच उजळून घेतलेली होती.

सूर्य मावळल्यानंतर तो क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतच्या काळास नागरी संधिप्रकाश म्हणतात आणि छायाकृतींचे बहुतेक काम सूर्यास्ताच्या थोडे आधीपासून या काळाच्या अखेरीपर्यंत आटोपते. विषुववृत्तालगत हा संधिप्रकाश साधारण २० ते २५ मिनिटे टिकतो, तर ध्रुवांकडे जावे तसा तो लांबत जातो. क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश वातावरणाच्या जाड थरातून येतो. त्यातील निळा भाग वाटेत विखुरला जातो आणि तांबडा-नारिंगी भाग उरतो. योगायोग असा, की अनेक सस्तन प्राणी याच वेळी चरण्यासाठी किंवा पाण्यासाठी बाहेर पडतात आणि पक्षी थव्यांनी रातथाऱ्याकडे परततात.

कॅमेऱ्याचे प्रकाशमापन समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेवर आणू पाहते. चौकटीचा मोठा भाग काळ्या प्राण्याने व्यापला असेल, तर कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो. आकाशाचा रंग धुऊन निघतो आणि प्राणी काळा न राहता मळकट दिसतो. सूर्यच चौकटीत असेल तर उलट सगळेच दृश्य गरजेपेक्षा काळवंडते. म्हणून स्पॉट मीटरिंगने (चौकटीतल्या एका लहान ठिपक्यापुरत्या प्रकाशमापनाने) सूर्याशेजारच्या, पण सूर्य वगळून, आकाशाचे मापन करून ते एक्स्पोजर मॅन्युअल (हाताने ठरवण्याच्या) पद्धतीत कायम ठेवणे हा खात्रीचा मार्ग आहे. एक स्टॉप म्हणजे प्रकाशात दुपटीचा फरक. प्राणी आकाशापेक्षा चार स्टॉप काळोखा असला, म्हणजे त्याच्यावरचा उजेड सोळावा हिस्सा असला, तर आकृती जवळजवळ काळी उमटते. हिस्टोग्राम (चित्रातील काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख) डावीकडे, म्हणजे काळ्या टोकाला, टेकलेला दिसणे ही येथे चूक मानली जात नाही. उजवीकडे मात्र, सूर्याचे बिंब सोडून, काही कापले गेलेले, म्हणजे तपशील जाऊन निव्वळ पांढरे झालेले, नसावे.

या प्रकाराची खरी कसोटी आकारात असते. रंग, पोत आणि नजर हे तिन्ही गमावल्यावर प्राणी कोणता आणि तो काय करतो आहे, हे एकट्या बाह्यरेषेने सांगायचे असते. मान आखडून पाण्यात उभा असलेला बगळा काळोखात खुंटासारखा दिसतो. त्याने मान उंचावून चोच आडवी धरली की त्याच क्षणी तो बगळा होतो. तोच पक्षी कॅमेऱ्याकडे वळला, तर चोच डोक्याच्या काळ्या ठिपक्यात बुडून जाते, म्हणून डोके बाजूने दिसेपर्यंत थांबणे भाग असते. एकामागे एक उभी असलेली दोन हरणे साध्या फोटोत सहज वेगळी ओळखू येतात, छायाकृतीत मात्र त्यांचे मिळून दोन तोंडांचे आणि सहा पायांचे एकच जनावर तयार होते. दोघांमध्ये बोटभर आकाश दिसले तरच चित्र सुटते. चालत्या प्राण्याचे चारही पाय वेगवेगळे दिसतील असा टप्पा पावलागणिक क्षणभरच येतो. शिंगे, सोंड, लांब मान, शेपटीचा झुबका ही या कामातली खरी संपत्ती होय, आणि गोलसर, आखूड अवयवांचे प्राणी छायाकृतीला फारसे दाद देत नाहीत, हे मान्य करावे लागते.

प्राणी क्षितिजरेषेच्या वर यावा म्हणून कॅमेरा जमिनीलगत ठेवतात. उभ्या माणसाच्या उंचीवरून पाहिल्यास प्राण्याचे धड मागच्या काळ्या झाडीत मिसळते. तोच कॅमेरा गुडघ्याखाली आणला की पोटाखालून आकाश दिसू लागते. वटवाघळांच्या बाबतीत आणखी एक गंमत घडते : पंखांचा पडदा पातळ असल्याने मावळतीच्या उजेडात तो तपकिरी-नारिंगी झळकतो आणि त्यातील बोटांची हाडे रेघांसारखी उमटतात.

सूर्यबिंबावर किंवा चंद्रबिंबावर प्राणी नेमका बसवायचा असल्यास गणित करावे लागते. दोन्ही बिंबे आकाशात सुमारे अर्धा अंश व्यापतात. लेन्सच्या नाभीय अंतराला (लेन्सच्या नावातील मिमीच्या आकड्याला) ११० ने भागले की बिंबाचा सेन्सरवरील, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पट्टिकेवरील, व्यास मिळतो. ६०० मिमी लेन्सने तो जेमतेम साडेपाच मिमी भरतो, म्हणजे २४ मिमी उंचीच्या सेन्सरवर चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी. हेच गुणोत्तर अंतरालाही लागू पडते. पाच मीटर उंचीचा जिराफ बिंबाएवढा दिसण्यासाठी छायाचित्रकार सुमारे ५५० मीटर दूर असावा लागतो, तर मीटरभर उंचीच्या पक्ष्यासाठी ११० मीटर पुरतात. जवळ जाण्याचा मोह येथे उपयोगाचा नाही, कारण जवळ गेल्यास प्राणी मोठा होतो, बिंब तेवढेच राहते. शिवाय बिंब आपल्या व्यासाएवढे अंतर सुमारे दोन मिनिटांत सरकते, त्यामुळे जागा आधीच हेरून ठेवावी लागते. चंद्रासाठी पौर्णिमेच्या आदली संध्याकाळ अधिक सोयीची असते. त्या दिवशी तो सूर्यास्तापूर्वी उगवतो आणि आकाशात अजून उजेड असतो. पूर्ण अंधार झाल्यावर बिंब आकाशापेक्षा इतके उजळ असते, की बिंबाबाहेर गेलेला प्राण्याचा भाग काळ्या आकाशात नाहीसा होतो.

ऑटोफोकसला फरक लागतो आणि काळ्या धडात तो नसतो, म्हणून फोकसबिंदू पाठीच्या किंवा मानेच्या कडेवर ठेवतात. डोळा ओळखणारी प्रणाली येथे बहुधा चाचपडते. उडत्या पक्ष्यांसाठी १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद शटर योग्य ठरते, स्थिर प्राण्याला बरेच कमी चालते. लेन्सपुढचा फिल्टर काढलेला बरा, अन्यथा सूर्याची भुते (काचेतील परावर्तनाचे डाग) चित्रात उमटतात. फाइल रॉ स्वरूपात (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली) घेणे इष्ट असते, कारण आठ बिटांच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असल्याने संस्करण करताना आकाशाच्या मऊ छटांवर पट्टे पडू शकतात, तर १४ बिटांच्या रॉमध्ये त्या १६,३८४ असतात. उच्च आयएसओचे (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता वाढवल्याने येणारे) दाणेही काळ्या प्राण्यात लपतात, आकाशात नाही.

टेलिफोटो लेन्स जोडलेल्या कॅमेऱ्याच्या प्रकाशीय व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे पाहिल्यास डोळ्याला कायमची इजा होऊ शकते आणि लेन्स बराच वेळ सूर्यावर रोखून ठेवल्यास शटरचे पडदे किंवा सेन्सर जळू शकतो. उडते चित्र मिळावे म्हणून रातथाऱ्यावर टेकलेले पक्षी उठवणे अनुचित मानले जाते, कारण अंधार पडता पडता त्यांना दुसरी जागा शोधावी लागते. दुसऱ्या चित्रातले बिंब प्राण्यामागे चिकटवणे छायाकृतीत फार सोपे असते. त्यामुळेच अनेक निसर्ग छायाचित्र स्पर्धांत अशी जोडचित्रे बाद ठरतात आणि अंतिम फेरीत मूळ रॉ फाइल मागवली जाते.