चित्रफाइल ते वर्ड फाइल: मजकूर चौकटीत की परिच्छेदात?

स्कॅन केलेल्या पानाची जेपीजी किंवा टिफ फाइल द्यायची आणि कोडने वर्डची डॉक्स फाइल काढायची, एवढ्याला आज पायथॉन भाषेतली छोटीशी स्क्रिप्ट पुरते. त्या फाइलमध्ये दुरुस्ती कितपत करता येते, यावर मात्र हे काम करणाऱ्यांत कायम दोन तट राहिले आहेत. (नुसतं चित्र डॉक्समध्ये चिकटवून त्याला ‘कन्व्हर्ट’ म्हणणारी टूल्स इथे धरलेली नाहीत.)

यंत्राने छापील अक्षरं ओळखण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. १९६८ मध्ये यंत्राला वाचायला सोपे जावेत असे खास टाइप घडवले गेले, पुढे १९७० च्या दशकात कुठल्याही टाइपातला मजकूर वाचणारं यंत्र आलं. कोड लिहिणाऱ्यांच्या हाती दमदार खुलं इंजिन लागलं ते २००५ मध्ये. टेसरॅक्ट हे अक्षरं ओळखणारं इंजिन १९८० च्या दशकात एका हार्डवेअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सुरू झालं, १९९५ च्या अचूकता चाचणीत ते वरच्या रांगेत होतं, आणि त्यानंतर दहा वर्षं जवळपास पडून राहिलं. २००५ मध्ये त्याचा सोर्स खुला झाला, पण मिळायचा तो निव्वळ साधा मजकूर. दोन स्तंभांचं पान दिलं की डावीकडची अर्धी आणि उजवीकडची अर्धी ओळ एकमेकींना जोडून यायची.

दुसऱ्या टोकाला वर्डचं स्वरूप बदलत होतं. जुनी डॉक फाइल बायनरी, म्हणजे साध्या मजकुरासारखी वाचता न येणारी. ती कोडने लिहायची तर बहुतेकदा खुद्द वर्डच पडद्याआड चालवावं लागे, आणि सर्व्हरवर एखादा डायलॉग बॉक्स उघडला की त्यावर क्लिक करायला कोणी नसल्याने सगळं काम अडकून पडे. डॉक्स म्हणजे झिप केलेल्या एक्सएमएल फाइल्स (टॅग लावलेला साधा मजकूर), त्यामुळे कुठल्याही भाषेतून ती लिहिता येऊ लागली. डिसेंबर २००६ मध्ये हे स्वरूप उद्योगक्षेत्राचं मानक झालं. सप्टेंबर २००७ च्या आंतरराष्ट्रीय मतदानात त्याच मानकाचा सहा हजारांहून जास्त पानांचा मसुदा नापास झाला आणि २००८ मध्ये, बऱ्याच आक्षेपांनंतर, मंजूर झाला.

खरी अडचण या दोन टोकांच्या मधली आहे. चित्राला फक्त जागा माहीत असते: अमुक शब्द डावीकडून इतक्या पिक्सेलवर, वरून इतक्या. परिच्छेद म्हणजे काय हे चित्राला ठाऊक नसतं. डॉक्सचं नेमकं उलट. तिच्यात परिच्छेद असतात, पण ओळ कुठे तुटेल आणि पान कुठे संपेल हे फाइल उघडल्यावर ठरतं. म्हणजे रूपांतर करणाऱ्याला एक बाजू धरावीच लागते.

पहिली बाजू चौकटींची. प्रत्येक ओळ किंवा तुकडा टेक्स्ट बॉक्समध्ये घालून मूळ जागी ठेवायचा. हिशेब सोपा आहे: वर्ड चित्रांसाठी इंचाचे ९१४४०० भाग धरतं, म्हणून ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० पिक्सेल) स्कॅनमधला एक पिक्सेल म्हणजे ३०४८ भाग. पान हुबेहूब दिसतं आणि ग्राहक खूश होतो. मग तो दुसऱ्या ओळीत एक शब्द वाढवतो. शेवटचा शब्द चौकटीच्या कडेखाली गडप होतो, तिसरी ओळ जागची हलत नाही. परिच्छेद निवडायला जावं तर एकच ओळ निवडली जाते. या फाइलला संपादनयोग्य म्हणणं मला पटत नाही. तो चित्राचाच दुसरा अवतार आहे.

दुसरी बाजू प्रवाहाची. ओळी जोडून परिच्छेद पुन्हा बांधायचे, ओळीच्या शेवटी जोडरेघेने तुटलेले शब्द सांधायचे, पृष्ठक्रमांक मजकुरातून उपसून काढायचे. यात चुका होतात. तक्ता मोडतो, शीर्षक परिच्छेदात मिसळतं. अर्जाचे नमुने किंवा रसीद असेल तर चौकटीच बऱ्या, हे मान्य करायला हवं. पण सलग वाचायच्या मजकुराला प्रवाहाशिवाय मार्ग नाही.

२०१० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून टेसरॅक्ट पानाची मांडणी ओळखू लागलं. भाग, परिच्छेद, ओळ, शब्द अशी उतरंड पानावरच्या जागेच्या निर्देशांकांसह मिळू लागली. तरीही असंख्य स्क्रिप्ट्स आजही फक्त सलग मजकूर मागतात आणि उरलेलं टाकून देतात. वाईट वाटतं, कारण परिच्छेद बांधायला लागणारी माहिती नेमकी तीच. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्क (नमुन्यांवरून शिकणारी प्रणाली) आलं आणि सुटं अक्षर कापण्याऐवजी अख्खी ओळ वाचली जाऊ लागली. शिरोरेषेने जोडलेल्या देवनागरीला याचा विशेष फायदा झाला. डॉक्स लिहिताना मात्र एक खाच राहते: देवनागरीचा फाँट आणि आकार वेगळ्या टॅगमध्ये द्यावा लागतो, नाहीतर त्याच वाक्यातली रोमन अक्षरं मोठी होतात आणि मराठी होती तेवढीच राहते.

अलीकडे चित्र पाहून थेट शीर्षकं-परिच्छेदांसह मजकूर देणारी भाषा-मॉडेल्स आली आणि पारडं प्रवाहाकडे झुकलं. त्यांची चूक पकडणं अवघड. जुनं इंजिन चुकलं की शब्द विचित्र दिसायचा, इथे चुकीचा शब्दही वाक्यात चपखल बसतो. म्हणून जबाबदारीच्या कामात दोन फाइल्स काढलेल्या बऱ्या: मूळ चित्रामागे अदृश्य मजकूर असलेली पीडीएफ पडताळणीसाठी, आणि परिच्छेदांची डॉक्स दुरुस्तीसाठी. अशी पीडीएफ टेसरॅक्ट स्वतःच देतं, त्यामुळे ‘पान हुबेहूब दिसलं पाहिजे’ ही मागणी डॉक्सवर लादण्याचं कारण उरत नाही.