रोपवाटिकेला पॉलिहाऊसच लागतं?

नोकरी किंवा शेती सांभाळून रोपवाटिका काढायची म्हटलं की खानदेशात पहिला सल्ला मिळतो, ‘आधी पॉलिहाऊस बांध, झाकलं की रोप जोमात येतं.’ हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी लोक कर्जात उतरतात.

पॉलिहाऊस म्हणजे प्लास्टिकने झाकलेला मांडव. त्याचं छत ऊन आत घेतं, पण तापलेली हवा कोंडून धरतं. थंड प्रदेशात तेच हवं असतं. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव, भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो; बंद छताखाली त्याहून जास्त. मिरची-टोमॅटोची कोवळी रोपं अशा उष्णतेत दुपारीच माना टाकतात.

सुरुवातीला पन्नास टक्के सावलीची हिरवी शेडनेट आणि बाजूंनी बारीक कीटकरोधक जाळी पुरते. ही जाळी मात्र टाळू नका. पांढरी माशी आत शिरली की मिरचीवर पानं आकसून वळवणारा चुरडा-मुरडा आलाच, आणि तो रोग तुमच्या ट्रेमधून गिऱ्हाइकाच्या शेतात जातो. पावसाळ्यात तेवढं वरून प्लास्टिक ओढा, बाजू मोकळ्या ठेवा.

फळझाडांची कलमं विकणार असाल, तर १९६९ च्या राज्य कायद्यानुसार कृषी विभागाचा परवाना आधी काढा.