कोलासुर, महिषासुर आणि टेंबलाईचा कोहळा

नवरात्रात कोल्हापूरच्या अंबाबाईची पूजा रोज वेगळ्या रूपात बांधतात. पंचमीला देवी अंबारीत बसलेली दिसते, अष्टमीला ती महिषासुरमर्दिनी होते. दोन पूजांमध्ये अंतर अवघ्या तीन दिवसांचं आणि दोन्हींच्या मागे एकेका असुराचं मरण. त्यामुळे कथा सांगताना सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. कोलासुराला शिंगं फुटतात आणि महिषासुर थेट कोल्हापुरात येऊन मरतो. खरं तर हे दोघे दोन वेगळ्या परंपरांतले आहेत, आणि दोघांचं मरणही एकसारखं नाही.

महिषासुराची कथा मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्याची, म्हणजे घराघरात वाचल्या जाणाऱ्या सप्तशतीची. तेरा अध्यायांच्या या पाठात दुसऱ्या अध्यायात देवीचा जन्म आहे. तिला आई-बाप नाहीत, गर्भ नाही. संतापलेल्या देवांच्या अंगातून निघालेलं तेज एकत्र येतं आणि त्याची स्त्री होते: मुख शंकराच्या तेजाचं, केस यमाचे, बाहू विष्णूचे, पाय ब्रह्मदेवाचे. मग शस्त्रं मिळतात आणि हिमालय सिंह देतो. हा क्रम सोडून आधी सिंह आणि शस्त्रं सांगितली, की नटलेली देवी कुठूनशी आली एवढंच ऐकणाऱ्याला कळतं. ती देवांच्या रागातून घडली, हे निसटतं.

तिसऱ्या अध्यायात मरण. महिष रूपं बदलतो: रेडा, सिंह, तलवारधारी पुरुष, हत्ती, पुन्हा रेडा. देवी मधुपान करते, त्याला पायाखाली दाबते, मानेवर शूल रोवते. तो रेड्याच्या तोंडातून अर्धा बाहेर येतो आणि तिथेच त्याचं डोकं उडतं. शेवटचं ‘पुन्हा रेडा’ विसरलं तर ‘अर्धा बाहेर’ कशातून, याचा उलगडा होत नाही. आणि सप्तशतीतला महिष मरताना काहीही मागत नाही.

कोलासुर मागतो. त्याची कथा सप्तशतीत नाही, ती करवीर माहात्म्याची, म्हणजे कोल्हापूर क्षेत्राची महती सांगणाऱ्या ग्रंथाची. परंपरा सांगते की देवांशी झालेल्या लढाईत त्याचा मुलगा करवीर मारला गेला आणि त्याच्या नावाने हे क्षेत्र करवीर झालं. सुडाने पेटलेल्या कोलासुराने देवीकडून वचन घेतलं, की १०० वर्षं तिने इथून दूर राहावं. तिने पाळलं. त्या काळात त्याने प्रजेचा छळ मांडला आणि मुदत संपल्यावर देवी परतली. ही १०० वर्षं वगळून सांगणारे पुष्कळ आहेत. मग देवी इथे असताना इतका जुलूम झालाच कसा, या कथा ऐकणाऱ्या मुलाच्या पहिल्याच प्रश्नाला उत्तर उरत नाही. मरताना त्याने वर मागितला: या जागेला माझं नाव राहू दे आणि दरवर्षी कोहळ्याचा बळी दे. गाव कोल्हापूर म्हणून राहिलं. हीच रीत जोतिबाच्या डोंगरावरही दिसते. तिथे रत्नासुर मेला आणि डोंगर रत्नागिरी म्हणवला. मारणारा देव आणि मेलेल्याचं नाव, दोन्ही एकाच जागी नांदतात.

यानंतरचा भाग टेंबलाईचा, म्हणजे त्र्यंबोली देवीचा. कोलासुराचा मुलगा कामाक्ष याने कपिलमुनींचा योगदंड मिळवला आणि त्याच्या बळावर देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकलं. त्र्यंबोलीने त्याला संपवून सगळ्यांना सोडवलं. विजयाच्या सोहळ्यात मात्र तिलाच बोलवायचं राहिलं. ती रुसली, शहराच्या पूर्वेला टेकडीवर जाऊन पाठ फिरवून बसली. तिची समजूत काढायला अंबाबाई स्वतः गेली, तो दिवस ललिता पंचमी. रुसवा कोलासुराच्या वधानंतर लगेच जोडला तर कथा फसते. कामाक्षाचा प्रसंग मध्ये आला नाही, तर त्र्यंबोलीचा हक्क कशावर होता हेच समजत नाही.

पंचमीची अंबारीतली पूजा याच भेटीची. देवी त्या दिवशी गावाला निघालेली असते. पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, दोघींची भेट होते आणि कुमारिकेच्या हातून त्रिशूळाने कोहळा फोडतात. कोहळा म्हणजे पांढरा कोहळा, लाल भोपळा नव्हे. कूष्मांड बळी तो हाच, वास्तुशांतीला घरोघर कुंकू लावून देतात तो. टेकडीवर त्याला कोलासुराचं शिर मानतात. त्रिशूळ लागताच तुकड्यांसाठी झुंबड उडते, कारण तो तुकडा घरी असला की बाधा होत नाही अशी श्रद्धा आहे. काही जण हा कोहळा कोलासुराच्या वराचा म्हणतात, काही जण त्र्यंबोलीसमोर वध पुन्हा करून दाखवण्यासाठी म्हणतात. दोन्ही सांगावेत. एकाने असुराचा शब्द पाळला जातो, दुसऱ्याने बहिणीसारख्या सखीचा रुसवा निघतो.

राहिली अष्टमी. गाभाऱ्यातल्या मूळ मूर्तीच्या हातात म्हाळुंगाचं फळ, गदा, ढाल आणि पानपात्र आहे, मस्तकावर नाग, लिंग आणि योनी, मागे सिंह. सप्तशतीच्या पाठाला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचं वर्णन असंच आहे. मूर्तीत रेडा नाही, वधही नाही. म्हणून महिषासुरमर्दिनी दाखवायची तर श्रीपूजकांना ती मूर्तीवर मुद्दाम बांधावी लागते. त्या दिवशी दर्शनाच्या रांगेत दिसतो तो सप्तशतीचा तिसरा अध्याय, आणि रात्री देवी नगरप्रदक्षिणेला बाहेर पडते.